आपला अर्ज आपणच लिहायचा!

मुलांनो, दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की मी चौथीच्या वर्गाला एक काम देते. 'स्वतःबद्दल पाच ओळी लिहा.' वह्या गोळा करून घरी आणते, चहा पीत वाचायला बसते आणि दरवर्षी तीच गंमत होते. 'माझे नाव अमुक. मी इयत्ता चौथीत शिकतो. मला क्रिकेट आवडते. मी मोठेपणी डॉक्टर होणार.' तीस वह्या, पण मूल एकच! वरचं नाव झाकलं तर कुठली वही कुणाची ते आईलासुद्धा सांगता येणार नाही.

लहान आहेत, शिकतील, असं म्हणून मी हसून सोडून द्यायची. पण मागच्या जूनमध्ये एक मोठी मुलगी तश्शाच पाच ओळी घेऊन माझ्या दारात आली, आणि मग काही हसू आलं नाही.

ती सातपाटीची. बारा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली चौथीत होती. तेव्हा मी डीएड करून नुकतीच नोकरीला लागले होते. आता ती बी.एस्सी. झाली आहे. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायला तिला इंग्लंडच्या विद्यापीठात जायचं आहे. पालघरहून डहाणू लोकल पकडून बापलेक बोईसरला माझ्या घरी आले. पावसाळ्याचे दिवस, बोटी किनाऱ्याला ओढून शाकारलेल्या, म्हणून वडिलांना सवड होती. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली फाईल होती.

"बाई, जरा बघा ना. हिला हे बरोबर वाटत नाय. मला तर त्यातलं काय कळत नाय."

आता खरं सांगते, माझं इंग्रजी बेताचंच. परदेशातलं विद्यापीठ मी चित्रातच पाहिलंय. तरी फाईल उघडली. अशा अर्जाबरोबर एक पत्र जोडावं लागतं. आपण कोण, हाच विषय का, पुढे काय करणार, हे त्यात लिहायचं असतं. 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' असं त्याचं भारदस्त नाव. मुलं नुसतं 'एसओपी' म्हणतात. हिचं पत्र मुंबईतल्या एका सल्लागाराने पैसे घेऊन लिहून दिलं होतं. पहिल्याच ओळीचा अर्थ असा, की मला लहानपणापासून विज्ञानाची अत्यंत आवड आहे. मग विद्यापीठाची स्तुती. मग मी कष्टाळू आहे, जिद्दी आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत. दोन पानं भरलेली, पण त्यात सातपाटी नाही, बोट नाही, एक मासासुद्धा नाही!

मी कपाटातून एक पुस्तक काढलं. आनंदीबाई जोशींचं चरित्र. आनंदीबाई तुम्हाला ठाऊक आहेत, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या त्या. पण त्यांनी कॉलेजला अर्ज कसा केला, ते कुणी सांगितलंय का तुम्हाला?

आनंदीबाई म्हणजे कल्याणच्या जोश्यांची यमुना. जन्म 31 मार्च 1865. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, आणि बायकोने शिकलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. आपण डॉक्टर व्हायचं, हे त्यांनी मनाशी धरलं त्याच्या मुळाशी हे दुःख होतं.

त्या अगोदर, 1878 साली, गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. माझ्या बायकोच्या शिक्षणाची आणि माझ्या नोकरीची तिकडे काही सोय होईल का, असं विचारलं. मिशनरी वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि तुम्ही ख्रिस्ती व्हा, अशा अर्थाचं उत्तर दिलं. झालं, सगळं तिथेच थांबलं. बघा हं, पत्र आनंदीबाईंसाठी, पण त्यात त्यांचा स्वतःचा शब्द एकही नाही. तेव्हा त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या.

तेच मासिक दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडलं. कुठे म्हणाल? दातांच्या डॉक्टरकडे, नंबर यायची वाट बघताना! त्यांनी सरळ आनंदीबाईंना पत्र टाकलं. आनंदीबाईंनी उत्तर दिलं, आणि तीन वर्षं ही पत्रं सातासमुद्रापार जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या.

निघायच्या आधी, फेब्रुवारी 1883 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केलं. लोक पाठीमागे जे जे बोलत होते, ते सगळे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेला का जाते? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर? एकेक प्रश्न घेऊन उत्तर देत गेल्या. आज परदेशी विद्यापीठं किंवा शिष्यवृत्ती देणारे मुलाखत घेतात ना, तिची याहून चांगली तयारी मला तरी ठाऊक नाही. आपल्याला कुठला प्रश्न टोचणार ते ओळखायचं आणि त्यालाच आधी भिडायचं.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. 28 जून 1883 या दिवशी रोझेलहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आल्फ्रेड जोन्स यांच्या नावाने. वय अठरा. तुमच्या ताईएवढं!

त्या पत्रात आहे काय? प्रवेशाच्या सगळ्याच अटी मी पुऱ्या करू शकेन असं नाही, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं आहे. लपवाछपवी नाही. मग सांगितलं आहे, की आप्तेष्ट आणि जातवाले या सर्वांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी इथवर आले, तोच निश्चय मला पुढेही उपयोगी पडेल. आणि आले ती कशासाठी? तर माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हाताने उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी. बस्स. 'मी जिद्दी आहे' असं त्या म्हणत नाहीत. काय केलं ते सांगतात, जिद्द वाचणाऱ्याला दिसते.

प्रवेश मिळाला. 11 मार्च 1886 रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांना मिळालंही होतं, पण क्षयाने गाठलं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे वाचताना दर वेळी माझा आवाज बसतो. तो जूनमधला अर्ज मात्र फिलाडेल्फियाला त्या कॉलेजच्या जुन्या कागदपत्रांत अजून सांभाळून ठेवलेला आहे.

तर मी हे सगळं आमच्या सातपाटीच्या पोरीला सांगितलं आणि फाईल मिटून बाजूला ठेवली. म्हटलं, "आता मला मराठीत सांग. मासेच का?"

आधी गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमची ती लाकडी पट्टी हरवली होती, आठवतं?"

न आठवायला काय झालं! वर्गातली फूटपट्टी. आठवडाभर शोधली होती आणि मग एक दिवस टेबलावर परत आली होती, तिला माशाचा वास येत होता.

"ती मी नेली होती. घरी आलेली पापलेटं मोजायला. बाबा म्हणायचे, पूर्वी ताटाएवढी यायची. मला खरं वाटायचं नाही. म्हणून रोज मोजायचे आणि वहीत लिहायचे. किती तरी तर माझ्या तळहाताएवढीच होती."

बारीक आसाची जाळी असली की (आस म्हणजे जाळ्यातली भोकं) पापलेटाची पिल्लंच अडकतात. मोठी व्हायच्या आतच ती बाजारात येतात, मग पुढच्या वर्षी मासा कुठून येणार? सातपाटीचे मच्छीमार वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगताहेत. 2023 साली सरकारने रुपेरी पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवलं, ते तो वाचावा म्हणूनच. आणि ही मुलगी नवव्या वर्षी चोरलेल्या पट्टीने त्याची नोंद ठेवत होती! सल्लागारसाहेबांना हे तिने सांगितलं नव्हतं? "त्यांनी विचारलंच नाही," म्हणाली. त्यांनी फक्त मार्कांच्या झेरॉक्स मागितल्या होत्या.

आणखी एक गोष्ट त्या पत्रात नव्हती. दुसऱ्या वर्षाला तिचा एक विषय राहिला होता. आई आजारी होती म्हणून पालघरच्या बाजारात चार महिने हीच टोपली घेऊन बसत होती. विषय नंतर सुटला. "हे लिहू नका म्हणाले ते. वाईट दिसतं."

वडील इतका वेळ खाली मान घालून ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "वाईट काय त्यात? बसली ती बाजारात. आमच्यासाठीच बसली ना?"

गुणपत्रिका तर अर्जाला जोडावीच लागते. विषय राहिलेला त्यांना दिसणारच. मग कारण आपण दोन ओळींत सांगितलेलं बरं की त्यांनी मनाने ताडलेलं बरं? रडगाणं मात्र नको. काय झालं, मग मी काय केलं, एवढंच.

पालकांनो, एक ऐका. बारावीनंतर इंग्लंडला जायचं तर 'युकास' नावाच्या संस्थेमार्फत अर्ज करतात. 2026 च्या प्रवेशापासून त्यांनी निबंधाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत. हाच विषय का? आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली? शाळाकॉलेजबाहेर काय केलं आणि त्याचा उपयोग काय? तिन्ही उत्तरं मिळून जागा चार हजार अक्षरांची, मोकळ्या जागाही त्यातच मोजतात. अमेरिकेतली पुष्कळ कॉलेजं 'कॉमन ॲप'वर अर्ज घेतात, तिथला निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा. युकासवाले प्रत्येक उत्तर आधीच्या अर्जांशी ताडून बघतात, सारखं निघालं तर विद्यापीठाला कळवतात. हल्ली संगणकाला सांगितलं की तोही छान छान लिहून देतो म्हणे. पण पट्टी कुणी चोरली होती, हे त्याला कुठून कळणार? तेव्हा मुलाच्या हातून कागद काढून घेऊन 'थांब, मी लिहितो' म्हणू नका. शुद्धलेखन तपासा, तारखा तपासा, पारपत्रावरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे ना ते बघा. ती कामं आपली.

आणि खर्चाच्या भीतीने आधीच पाय मागे घेऊ नका. आपला जिल्हा बव्हंशी आदिवासी आणि कष्टकऱ्यांचा. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारचे आदिवासी विकास, सामाजिक न्याय आणि इतर मागास बहुजन कल्याण हे विभाग शिष्यवृत्त्या देतात. अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. अटी आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघायच्या, ऐकीव माहितीवर जायचं नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती माझ्या ओट्यावर बसून लिहीत होती. आधी मराठीत, मग हळूहळू इंग्रजीत. चुका होत्या. त्या तिच्या कॉलेजच्या सरांनी नंतर दुरुस्त करून दिल्या, वाक्यं मात्र तिचीच ठेवली. अर्ज गेलाय. उत्तर यायचं आहे. परवा फोन आला होता तेव्हा विचारलं, "काय गं, पट्टीचं ठेवलंस ना?"

"हो बाई. पहिलीच ओळ ती आहे. फक्त 'चोरली' नाही लिहिलं, 'उसनी घेतली' लिहिलंय."

मी म्हटलं, "चालेल. परत तर केली होतीस."