लाकडाची घासणी व रोगणाचे हात

पावसाळ्यापूर्वीं औतें, बैलगाडी व घराचीं दारें यांस तेल अथवा रोगण देण्याचा प्रघात चांगला आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं असें आढळतें कीं, रंगाच्या डब्यास पैसा दिला जातो आणि घासणीचे दोन तास मात्र वांचविले जातात. मग थोडक्याच काळांत पापुद्रे सुटतात, त्यांखालीं पाणी मुरतें व लाकूड कुजूं लागतें. म्हणून घासणीची रीत व तिचीं कारणें आम्ही येथें देतों.

रंधा मारलेलें लाकूड गुळगुळीत दिसलें, तरी त्यावर धारेच्या खुणा व सुटे तंतू राहतात. याकरितां प्रथम ८०, मग १२० व शेवटीं १८० नंबरचा पॉलिशपेपर वापरावा. नंबर मोठा, तितका कागद बारीक. मधला नंबर गाळल्यास जाड कागदाचे ओरखडे निघत नाहींत, व रोगणाखालीं ते अधिकच उठून दिसतात. कागद लाकडी ठोकळ्यास गुंडाळून शिरांच्या दिशेनें फिरवावा. आडवा फिरवूं नये. अगदीं चकाकी येईपर्यंतही घासूं नये, कारण मग पहिला हात नीट मुरत नाहीं.

पहिला हात वाळतांना सुटे तंतू ताठ होतात व धूळ चिकटते. शिवाय चकचकीत पृष्ठभागावर दुसऱ्या हातास धर मिळत नाहीं. २२० किंवा ३२० नंबरच्या कागदानें हलकें घासलें म्हणजे चकाकी मोडते व नवा हात घट्ट बसतो. घासतांना कोरडी भुकटी पडली, तर पहिला हात वाळला असें समजावें. कागदावर गोळ्या जमल्या, तर आणखी एक दिवस थांबावें. कडांवर थर पातळ असतो, तेथें जपावें. भुकटी पुसल्यावांचून पुढचा हात देऊं नये.

बैलाच्या मानेस टेकणारा जुवाचा भाग विशेष काळजीनें घासावा. बारीक कूस राहिली, तरी मानेस जखम होते. तेथें रंग न देतां जवसाचें तेल मुरवावें. त्या तेलाचीं फडकीं मात्र चुरगळून वैरणीजवळ टाकूं नयेत. तेल वाळतांना उष्णता निघते व ढिगांतील फडकें आपोआप पेटूं शकतें. तीं बाहेर मोकळीं पसरून वाळवावीं.

जुन्या रंगाविषयीं एक सूचना. घरगुती रंगांतील शिसें दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें असूं शकतें, व तें विषारी आहे. असा रंग सुका घासूं नये. पाणी लावून वॉटरपेपरानें घासावा, आणि मुलें व गुरें दूर ठेवावीं. निघालेला गाळ कागदावर गोळा करावा. तो उकिरड्यावर किंवा गव्हाणीपाशीं पडूं देऊं नये, कारण गुरें तो चाटतात.