बरं वाटलं, पण कशामुळे?

मुलांनो, सर्दी झाली की घरात उपायांची नुसती झुंबड उडते. आजी आल्याचा काढा देते, आई वाफ घ्यायला बसवते, शेजारच्या काकू सुंठ-गुळाची गोळी घेऊन येतात. पाच-सहा दिवसांत नाक मोकळं होतं आणि आजी म्हणते, "बघ, माझ्या काढ्यानं गुण आला!" आईला वाटतं, वाफेमुळे. काकूंचा सगळा भरवसा सुंठीवर. आता खरं कोणाचं? कदाचित तिघींचंही नाही, कारण साधी सर्दी बहुतेक वेळा आपली आपणच बरी होते.

'औषध घेतलं आणि बरं वाटलं' व 'औषधामुळे बरं वाटलं' ही दोन वाक्यं दिसायला सारखी आहेत. पण त्यांच्यातला फरक शोधायला डॉक्टरांना गणिताची, म्हणजे संख्याशास्त्राची मदत घ्यावी लागते. आणि आजार मनाचा असेल तर फारच काळजीपूर्वक!

मनाला थर्मामीटर कुठला?

ताप थर्मामीटरनं कळतो. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. पण नैराश्य कसं मोजायचं? नैराश्य म्हणजे परीक्षेत गुण कमी पडले म्हणून एक दिवस तोंड पाडून बसणं नव्हे. या आजारात कित्येक आठवडे कशातच मन लागत नाही, झोप बिघडते, भूक मंदावते, अंगात त्राण राहत नाही. मोठ्या माणसांमध्ये ते मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली बऱ्याच देशांत वापरतात. 'गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला?' असं विचारतात. अजिबात नाही म्हटलं तर ०, जवळजवळ रोज म्हटलं तर ३. म्हणजे एकूण गुण ० ते २७. इथे मात्र जितके गुण जास्त, तितका त्रास जास्त, बरं का!

समजा, एका माणसाचे उपचाराआधी १८ गुण होते आणि तीन महिन्यांनी ९ झाले. मग उपचार लागू पडला, असं म्हणायचं का? थांबा, घाई नको.

वर्गातलं उदाहरण घेऊ. घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुलं निवडा. त्यांतल्या एकाला त्या दिवशी ताप होता, दुसऱ्याचा नेमका तोच धडा कच्चा होता. पुढच्या चाचणीत यांतल्या बऱ्याच जणांचे गुण थोडे वाढलेले दिसतील, जादा तास घेतले नाहीत तरी! रुग्णांचंही तसंच. माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास अगदी असह्य झाल्यावर. तिथून पुढे थोडा उतार पडण्याचीच शक्यता जास्त असते. म्हणून 'आधी' आणि 'नंतर' एवढं पाहून भागत नाही. उपचार न मिळालेल्या, पण बाकी सगळ्या बाबतींत सारख्या माणसांशी तुलना करावी लागते.

तुलना केली नाही तर?

तर काय होतं, याची एक खरी गोष्ट आहे. १९३३ साली व्हिएन्नातल्या मानफ्रेड साकेल या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारावर एक उपचार जाहीर केला. मधुमेहाचं औषध असलेलं इन्शुलिन ते रुग्णाला मोठ्या प्रमाणात द्यायचे. रक्तातली साखर उतरायची आणि रुग्ण बेशुद्ध पडायचा. मग साखर देऊन त्याला शुद्धीवर आणायचं. असं कित्येक आठवडे चाले. हा उपचार धोक्याचा होता. काही रुग्ण त्यात दगावलेसुद्धा. तरी देशोदेशीच्या मनोरुग्णालयांत त्यासाठी खास वॉर्ड उघडले गेले.

ते डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांना डोळ्यांसमोर रुग्ण सुधारताना दिसत होते. पण या उपचारासाठी बहुधा आजार नुकताच सुरू झालेले, सुधारण्याची आशा जास्त असलेले रुग्ण निवडले जात. शिवाय त्या वॉर्डात नर्स आणि डॉक्टर दिवसभर त्यांच्याकडे लक्ष देत. मग गुण कशाचा, इन्शुलिनचा की मायेचा?

१९५७ साली ब्रिटनमधल्या ॲकनर, हॅरिस आणि ओल्डहॅम या डॉक्टरांनी ५० रुग्णांवर याची परीक्षा घेतली. काहींना इन्शुलिननं बेशुद्ध केलं आणि काहींना दुसऱ्याच एका गुंगीच्या औषधानं. बाकीची देखभाल अगदी सारखी ठेवली. शेवटी दोन्ही गटांत फरक निघाला नाही! तोवर नवी औषधंही आली होती. हळूहळू इन्शुलिनचे ते वॉर्ड बंद पडले. पण वीसहून जास्त वर्षं रुग्णांनी तो धोका सोसला, तो सोसलाच.

गोव्यातली दहा आरोग्य केंद्रं

आता आपल्या शेजारी, गोव्यात येऊ. तिथे 'संगत' नावाची संस्था आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ साली सुरू केली. त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. मनाच्या आजाराचे डॉक्टर थोडे आणि रुग्ण पुष्कळ. मग डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या स्थानिक माणसांनाच शिकवून तयार केलं तर ती नैराश्याच्या रुग्णांना मदत करू शकतील का? मदत तशी साधीच. सहा ते आठ वेळा भेटायचं, नीट ऐकून घ्यायचं आणि सुटून गेलेली छोटी छोटी कामं, आवडीच्या गोष्टी पुन्हा सुरू करायला हात द्यायचा.

२०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण या अभ्यासात घेतले. सगळ्यांचे त्या प्रश्नावलीत १४ पेक्षा जास्त गुण होते. निम्म्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांबरोबर ही नवी मदत मिळाली, उरलेल्यांना फक्त नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात, हे ना डॉक्टरांनी ठरवलं, ना रुग्णांनी. चिठ्ठी टाकावी तसं ते निव्वळ योगायोगावर सोडलं. त्यामुळे जास्त आजारी, कमी आजारी, गरीब, श्रीमंत अशी सगळी माणसं दोन्हीकडे साधारण सारखी वाटली गेली.

"मग उरलेल्यांवर अन्याय नाही का झाला?" असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं! पण त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांना आजाराची कल्पना आणि उपचारांची माहिती दिलेली होती. शिवाय नवी मदत खरंच उपयोगी आहे की नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा प्रश्न विचारले. विचारणाऱ्यांना समोरचा माणूस कुठल्या गटातला हे सांगितलेलं नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेत तपासणाऱ्याला नाव न कळता फक्त क्रमांक दिसतो, तसंच हे.

निकाल असा लागला. मदत मिळालेल्या २३० जणांपैकी १४७ जणांचे गुण १० च्या खाली आले, म्हणजे शेकडा ६४. नेहमीचे उपचार घेतलेल्या २३६ पैकी ९१ जणांचे, म्हणजे शेकडा ३९. नीट पाहा. दुसरा गट नसता तर सगळे ६४ आपण नव्या मदतीच्या खात्यात टाकले असते. प्रत्यक्षात ३९ तिच्याशिवायही सुधारले असते. तिचं खरं श्रेय ६४ वजा ३९, म्हणजे शंभरात २५. दर चार माणसांमागे एक. हे काही थोडं नाही!

चिठ्ठ्यांचा खेळ

पण हे २५ सुद्धा नशिबानं आले नसतील कशावरून? घरी करून पाहा. राजा-राणी-चोर-शिपाई खेळताना करतो तशा २० चिठ्ठ्या करा. दहांवर 'बरा' लिहा, दहा कोऱ्या ठेवा. सगळ्या घडी घालून कालवा आणि दहा-दहाचे दोन ढीग करा. आता प्रत्येक ढिगात 'बरा' किती? बहुधा पाच-पाच किंवा सहा-चार. पण हा खेळ शंभर वेळा खेळलात तर साधारण १८ वेळा एका ढिगात सात किंवा जास्त आणि दुसऱ्यात तीन किंवा कमी निघतील. म्हणजे शेकडा ७० आणि शेकडा ३०! इथे औषध नाही, उपचार नाही, नुसता योगायोग. म्हणून 'दहापैकी सात बरे झाले' अशी जाहिरात वाचलीत तर लगेच भुलू नका.

गोव्याच्या अभ्यासाचाही असाच खेळ मनात खेळा. ४६६ चिठ्ठ्या, त्यांतल्या २३८ 'बरा'. कालवून २३० आणि २३६ चे ढीग केले, तर पहिल्या ढिगात ११७-११८ च्या आसपास 'बरा' यायला हवेत. १४७ येण्याइतकी तफावत दहा हजार वेळा खेळूनही एकदासुद्धा दिसण्याची आशा नाही. म्हणून संशोधक म्हणू शकले की हा निव्वळ योगायोग नव्हे.

आणखी एक नियम त्यांनी पाळला. ज्यांनी मदतीच्या भेटी अर्ध्यावर सोडल्या, त्यांनाही मदतीच्याच गटात मोजलं. जादा तासांना रोज येणाऱ्या मुलांचेच गुण दाखवून कुणी 'आमचा वर्ग उत्तम' म्हणालं, तर ते खरं चित्र होईल का? कंटाळून सोडून गेलेली मुलं हिशेबात नकोत का?

वर्षभरानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा दोन गटांत सुधारलेल्यांचे आकडे शेकडा ६३ आणि शेकडा ४८ होते. अंतर कमी झालं, कारण दुसऱ्या गटातलेही आणखी काही जण सुधारले. तरी अंतर राहिलं. संशोधकांनी हाही आकडा छापला, लपवला नाही.

आणि मुलांनो, तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला बरेच दिवस उदास वाटत असेल तर ते मनात ठेवू नका. आई-बाबांना, शिक्षकांना सांगा. पालकांनीही 'असं काही नसतं' म्हणून विषय झटकू नये. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, रात्री-अपरात्रीही चालतो.

चिठ्ठ्यांचा खेळ दहा वेळा खेळा आणि दर वेळी दोन्ही ढिगांतले आकडे वहीत लिहून ठेवा. मग २० ऐवजी ६० चिठ्ठ्या घ्या, निम्म्या 'बरा' आणि निम्म्या कोऱ्या. तीस-तीसचे ढीग करून पुन्हा दहा वेळा खेळा. ७० आणि ३० इतकं मोठं अंतर आता किती वेळा येतं?