चौथी सीट आणि १०१ दिवस

"काय रे, तुझा तो पत्रकार दोस्त अजून छापतोय का काहीबाही, की मिळाला नारळ?"

सकाळची डोंबिवली फास्ट. गाडीनं नुकतंच ठाणं सोडलेलं. मला चौथी सीट, म्हणजे निम्मा मी सीटवर आणि निम्मा पॅसेजमध्ये. अशा अवस्थेत कुणाचाही बचाव करणं सोपं नसतं, बॉस. त्यातून प्रश्न विचारणारा आमच्या ग्रुपमधला बँकवाला. खिडकीत बसलेला, पाय पसरून, तब्येतीत.

आधी भानगड सांगतो. माझा एक जुना मित्र ठाणे जिल्ह्यातल्या बातम्या देतो. पगार यथातथा, बाईक खटारा, पण फायली वाचायचा नाद दांडगा. त्यानं कल्याण-शिळ रोडवरच्या एका मोठ्या प्रोजेक्टबद्दल बातमी दिली : चार विंग, एकालाही ओसी नाही, तरी लोक राहायला आले. बातमी गाजली. आठवड्यानं बिल्डरच्या वकिलाची नोटीस आली. चारपैकी दोन विंगना ओसी मिळालेली होती. मित्राला ज्या कागदाची झेरॉक्स मिळाली, तो कागद जुना होता. पेपरनं आतल्या पानावर चौकटीत खुलासा छापला आणि विषय संपवला.

संपला कसला! बँकवाल्याचा फ्लॅट त्याच प्रोजेक्टमध्ये आहे. वीस वर्षांचं होम लोन. बातमी आली त्या दिवशी त्याच्या बायकोला सासरमाहेरचे मिळून अकरा फोन आले होते. तेव्हापासून माझा मित्र त्याच्या लेखी 'बंडलबाज'. गाडीत हळूहळू बाकीच्यांनीही री ओढली. "सगळे विकले गेलेत." "हे पैसे घेऊन छापतात." "आता त्याचं हवामानसुद्धा खरं मानू नका!" हशा.

मी काय बोलणार? चूक तर झालीच होती. पण घाटकोपर यायच्या आत मला राहवलं नाही. म्हटलं, "असं असेल तर टिळक-आगरकरांनाही बंडलबाज म्हणा."

डबा गप्प. मग बँकवाला म्हणाला, "टिळक कुठे आणि तुझा तो कुठे!"

बरोबर आहे त्याचं. टिळक ते टिळक. पण मी ज्या टिळकांबद्दल बोलत होतो ते पुतळ्यातले नव्हेत. ते होते जेमतेम पंचविशीतले, म्हणजे आपल्यातल्या कुणाचंही पहिलं अप्रेझल होतं त्या वयाचे. आगरकर त्यांच्याहून नऊ दिवसांनी मोठे. दोघांनी सहकाऱ्यांबरोबर जानेवारी १८८१ मध्ये दोन पेपर काढले. मराठी 'केसरी'चे संपादक आगरकर, इंग्रजी 'मराठा'चे टिळक. आजच्या भाषेत स्टार्टअपच.

आणि वर्षभरातच त्यांनी एक बातमी अशी दिली की थेट तुरुंगात.

प्रकरण कोल्हापूरचं. तिथले तरुण महाराज, चौथे शिवाजी, वेडे झालेत असं सरकारी गोटातून सांगितलं जात होतं. 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं की महाराज वेडे नाहीत, त्यांना छळलं जातंय आणि त्यात कोल्हापूरचे दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांचा हात आहे. पुरावा? बर्व्यांच्या नावची काही पत्रं. मध्यस्थांमार्फत हाती आलेली, वाचून अंगावर काटा यावा अशी. ती छापली गेली. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. खटला मुंबईत, त्यामुळे पुण्याहून कोर्टाच्या तारखांना यायचं तर गाडी तेव्हाही कल्याण-ठाण्यावरूनच जायची. म्हणजे आपल्याच रुळांवरून, फक्त चौथ्या सीटची भानगड नसावी.

खटल्यात काय निघालं? पत्रं बनावट.

शाळेत आपल्याला हे सांगतात, पण भरभर सांगतात. 'कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली' या एका वाक्यात दोन मार्कांचं उत्तर संपतं. ऐकणाऱ्याला वाटतं, सत्य लिहिलं म्हणून इंग्रजांनी आत टाकलं. तसं नव्हतं. ज्या कागदांच्या जोरावर एका माणसाचं नाव घेऊन आरोप केला, ते कागदच खोटे होते. बर्व्यांच्या जागी बसून बघा. तुमच्या नावानं कुणीतरी पत्रं लिहितं, ती पेपरात छापून येतात, आणि तुम्ही एका पोरसवदा राजाचा छळ करणारे ठरता. कोर्टात जाणार नाही का तुम्ही? मी तर गेलो असतो.

पत्रं बनावट आहेत हे कळल्यावर दोघांनी माफी मागितली. बर्वे मागे हटले नाहीत. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात.

आता मला यातला सगळ्यात भारी वाटणारा भाग. टिळक-आगरकरांच्या कंपूचे अध्वर्यू विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांनी आपल्या 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांवर किती बोचरी टीका केली होती, ते वाचलेल्यांना माहीत आहे. म्हणजे हे दोन गट एकमेकांच्या चहालाही जाणार नाहीत असे. हे चिपळूणकर खटला चालू असतानाच, मार्च १८८२ मध्ये, वारले. वय अवघं एकतीस. आणि जामिनाची वेळ आली तेव्हा दहा हजारांचा जामीन कोणी दिला? रामशेठ उरवणे यांनी. हे पुण्याचे व्यापारी आणि फुल्यांचे सहकारी! १८८२ चे दहा हजार म्हणजे काय रक्कम असेल, ते आपल्या बँकवाल्यानं सांगावं.

पुढे दोघं सुटले तेव्हा डोंगरीच्या दाराशी जो सत्कार झाला, त्यात पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. ठाण्यात वाढलेले, गिरणी कामगारांची संघटना उभारणारे, 'दीनबंधू' चालवणारे लोखंडे. सत्यशोधक. वैचारिक विरोधकच. कोल्हापुरात तर राजाराम कॉलेजच्या पोरांनी बचावनिधीसाठी नाटक केलं आणि त्यात एका मुलानं स्त्रीभूमिका केली. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले. हेच गोखले पुढे टिळकांचे राजकारणातले कट्टर प्रतिस्पर्धी झाले, हा आणखी एक मजेशीर योग.

या लोकांना पत्रं खरी वाटत होती म्हणून त्यांनी साथ दिली असं म्हणावं, तर सत्कार निकालानंतरचा आहे. पत्रं खोटी होती हे तोवर जगजाहीर झालं होतं. तरी हार घातले. कारण त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या : पुरावा खोटा निघणं आणि माणूस खोटा असणं. टिळक-आगरकरांनी पत्रं बनवली नव्हती. ती खरी मानून छापली होती. त्यांना बर्व्यांकडून काही उकळायचं नव्हतं. आणि चूक कळल्यावर त्यांनी ती नाकारली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी वाचताना दर वेळी कसंतरी होतं. ज्या महाराजांसाठी हे सगळं रामायण झालं, ते २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला वारले. वय वीस. नगरच्या किल्ल्यात त्यांना देखरेखीखाली ठेवलं होतं. ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जरशी झटापट झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. म्हणजे पत्रं बनावट होती, बर्व्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण 'त्या मुलाचं तिथे बरं चाललेलं नाही' ही जी मूळ काळजी होती, ती? ती बनावट नव्हती.

अर्थात यामुळे मूळची चूक माफ होत नाही. माझं मत विचाराल तर दोघांनी घाई केली. मूळ पत्रं, अक्षर, सही, ती आली कुठून, हे सगळं खणून काढायला हवं होतं. बातमी जितकी सनसनाटी, तितका कागद उन्हात धरून बघायचा. हे मी माझ्या मित्रालाही सुनावलं. "झेरॉक्सवर कशाला गेलास रे? प्रमाणित प्रत का नाही काढलीस?" तो म्हणाला, "वेळ नव्हता, दुसऱ्या पेपरकडे बातमी गेली असती." हे उत्तर मला पटलं नाही आणि त्यालाही पटलेलं नव्हतं. खुलासा छापला त्या रात्री तो ठाण्याला तलावपाळीवर माझ्यासोबत दीड तास बसला होता. भेळ घेतली, खाल्ली नाही. एका कंपनीची पीआरची ऑफर होती त्याच्याकडे, पगार दुप्पट. म्हणाला, "घेऊन टाकतो. निदान तिथे कुणी खोटारडा म्हणणार नाही, सगळ्यांना माहीतच असतं." हसला. मला हसू आलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो फारसा बदललेला नाही. बदनामी तेव्हाही गुन्हा होती, आजही आहे. भारतीय दंडविधानातलं कलम ४९९ आणि ५०० जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, शिवाय आता समाजसेवेचीही सोय आहे. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये फौजदारी बदनामीचा कायदा घटनेला धरूनच आहे असं म्हटलं. छापलं ते खरं होतं आणि लोकहिताचं होतं, हा बचाव आहे. पण 'मला झेरॉक्स मिळाली होती' एवढ्यानं कोर्टात भागत नाही.

मागच्या शनिवारी ऑफिस लवकर सुटलं. फास्ट सँडहर्स्ट रोडला थांबत नाही, म्हणून मुद्दाम स्लो पकडली आणि उतरलो. डोंगरीच्या गर्दीतून चालत गेलो. जुन्या तुरुंगाच्या जागी आज मुलांचं निरीक्षणगृह आहे. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघितलं. उंच दगडी भिंत, समोर हातगाड्या, हॉर्न, चहावाला. आत कुठेतरी त्या दोघांनी १०१ दिवस काढले. वजनं घटली, पण तोंडं बंद पडली नाहीत. शिक्षण, समाज, पुढचे बेत यावर त्यांचे रात्री-रात्री वाद चालायचे. आगरकरांनी तिथेच 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर काम केलं, ते 'विकारविलसित' म्हणून १८८३ मध्ये निघालं. वेडा आहे की वेडा ठरवला जातोय अशा राजपुत्राचं नाटक, आणि निवडलं कोणी, तर कोल्हापूर प्रकरणात आत गेलेल्या माणसानं! २६ ऑक्टोबर १८८२ ला दोघं बाहेर आले आणि पुन्हा आपापल्या पेपरात जाऊन बसले. पुढे त्यांचंच आपसात फाटलं, १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, ती कहाणी वेगळी.

भिंतीचा फोटो काढून मित्राला पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. कुर्ल्याला गाडी आली तेव्हा त्याचाही एक फोटो आला. माहिती अधिकाराचा अर्ज, वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेलं. उरलेल्या दोन विंगची फाईल मागितली होती. या वेळी 'प्रमाणित प्रत' या शब्दांखाली दोनदा रेघ मारलेली. पीआरच्या ऑफरबद्दल अवाक्षर नाही, मीही विचारलं नाही.

सोमवारी गाडीत मी हे सांगितलं. नेहमीसारखे टोमणे आले, एकानं 'बंडल नंबर दोन येतंय' असंही म्हटलं. बँकवाला मात्र काहीच बोलला नाही. खिडकीबाहेर बघत होता. भायखळ्याला गर्दी जरा हलली तसा तो सरकला, मला पूर्ण सीट मिळाली. मग हळूच विचारलं त्यानं, "उत्तर किती दिवसांत देतात रे ते?"

"कायद्यानं तीस. का रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "आमची सी विंग आहे. ओसी मिळालेल्या दोन म्हणजे ए आणि बी."