बार्शीची साथ आणि सोलापूरचे हौद

विषाणूजन्य साथींच्या इतिहासात बार्शीचे नाव सहसा कोणाला आठवत नाही; परंतु १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील या बाजारपेठेच्या गावात चिकुनगुन्याची जी साथ आली, तिचा दाखला विषाणुशास्त्राच्या लेखनात आजही दिला जातो. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, पाहणीत सुमारे ३७.५ टक्के लोकांना हा आजार होऊन गेल्याचे आढळले. म्हणजे दर आठ माणसांत तिघांना ताप आणि सांधे आखडवणाऱ्या वेदनांनी गाठले होते. त्याआधी १९६३ साली कलकत्त्यात आणि पुढच्या दोन वर्षांत मद्रास, नागपूर अशा शहरांत दिसलेला हा विषाणू बार्शीनंतर सुमारे बत्तीस वर्षे देशातून जवळजवळ नाहीसा झाला.

या साथीचे साल डोळ्यांआड करण्यासारखे नाही. १९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता आणि अशा काळात मिळेल तिथून आणलेले पाणी मिळेल त्या भांड्यात जपून ठेवण्यावाचून घराला गत्यंतर नसते. चिकुनगुन्या आणि डेंग्यू या दोन्हींचे विषाणू वाहून नेणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, तर अशाच तुलनेने स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. सरकारी कागदांत मूलभूत स्वच्छता म्हटले की शौचालय, सांडपाणी आणि कचरा ही यादी ठरलेली असते. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा तीत बसत नाही, आणि हीच त्या यादीतली मोठी उणीव आहे.

दुष्काळ आणि विषाणू यांची ही सांगड पुढे आफ्रिकेत स्पष्टपणे दिसली. २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरील लामू बेटावर चिकुनगुन्याची साथ उसळली तेव्हा तो भाग अवर्षणाने ग्रासलेला होता, आणि घरोघरी साठवलेले, क्वचितच पूर्ण बदलले जाणारे पाणी हे साथीचे संभाव्य कारण असल्याचे संशोधकांनी नोंदवले. तिथून विषाणू कोमोरोस बेटांवर, नंतर रीयुनियनला पोहोचला, जिथे सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला लागण झाली. आणि २००५ च्या अखेरीस तो भारतात परतला. २००६ मध्ये देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि महाराष्ट्र हे सर्वाधिक झळ पोहोचलेल्या राज्यांपैकी एक होते.

सोलापूर शहराला पाणी मुख्यतः भीमेवरील उजनी धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने येते. धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी असूनही शहरात नळ चार-पाच दिवसांआड सुटणे हे वर्षानुवर्षे अंगवळणी पडले आहे. पूर्व भागात, जिथे यंत्रमाग कामगार आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांची दाट वस्ती आहे, तिथे सिमेंटचा हौद, प्लास्टिकचे बॅरल आणि रांजण हा संसाराचाच भाग असतो. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते, आणि ती अंडी पाण्यावाचून कित्येक महिने तग धरतात. नळाच्या पाळीच्या दिवशी हौदातले शिळे पाणी फेकून न देता त्यावरच नवे भरले जाते, पातळी वर चढते, अंडी भिजतात आणि अळ्या बाहेर पडतात. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणजे नळाचे अधूनमधून येणे हेच अंड्यांना मिळणारे आवतण ठरते. आरोग्य कर्मचारी दारोदार फिरून अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकतात, गप्पी मासे सोडतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हौद घासून पुसून घ्या असे सांगतात. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. मात्र पुढची पाळी नेमकी कधी येणार हे ठाऊक नसलेल्या बाईला भरलेला हौद उपसायला सांगणे, हा तिच्यावर अन्यायच आहे.

नळाच्या या खंडाचा दुसरा दोष नजरेला पडत नाही. वाहिनीत पाणी नसते त्या वेळी आतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. विष्ठेतून पसरणाऱ्या विषाणूंना, विशेषतः कावीळ घडवणाऱ्या ‘हिपॅटायटिस ई’ला, यापेक्षा सोयीची वाट नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, तेव्हा क्लोरीनमुळे विषमज्वर आणि आमांश आटोक्यात राहिले, विषाणू मात्र तगला. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीत येते आणि पुण्याच्या सांडपाण्यात हिपॅटायटिस अ आणि ई या दोन्ही विषाणूंचे अंश सापडलेले आहेत, हे पाहता सोलापूरच्या स्वच्छतेचा एक भाग दुसऱ्याच शहरांच्या मैलाशुद्धीकरणावर अवलंबून आहे.

श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूंपुढे पाणी आणि सांडपाण्याच्या उपायांचा जोर कमी पडतो, हे मान्य केले पाहिजे. १९१८ चा इन्फ्लुएन्झा किंवा २०२० चा कोविड गटारे बांधून थांबला नसता. दाटीची घरे आणि कोंदट हवा हा त्यांचा वेगळा प्रश्न आहे. तरीही एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात कोविडचा पहिला रुग्ण आढळल्यानंतर वारंवार हात धुण्याचा जो आदेश निघाला, तो पाळायलाही घरात पाणी लागतच होते.

डेंग्यूची आकडेवारी आरोग्य विभागाकडे असते आणि पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक पाणीपुरवठा विभागाकडे. महापालिकेने हे दोन्ही कागद प्रभागवार एकत्र मांडून दर पावसाळ्यापूर्वी नागरिकांसमोर ठेवावेत, आणि ज्या प्रभागात नळ सर्वांत उशिरा सुटतो तिथल्या वाहिनीचे काम आधी हाती घ्यावे.