घराचे वाढीव बांधकाम (पूर्वतयारी)

घराचे वाढीव बांधकाम म्हणजे अस्तित्वात असलेल्या घराला नवी खोली किंवा मजला जोडणे. ठेकेदार नेमण्यापूर्वी परवानगी, जुन्या बांधकामाची तपासणी आणि अंदाजपत्रक या तीन बाबी पूर्ण करणे आवश्यक असते.

परवानगी

महाराष्ट्रात यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ नुसार नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करतात. अर्जासोबत सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका आणि नकाशे जोडतात. भूखंडावर आणखी किती बांधता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांक व सामासिक अंतरे यांवरून ठरते. विनापरवाना बांधकाम हटवण्याची नोटीस कलम ५३ नुसार मालकावर बजावता येते. ठेकेदाराने दिलेले तोंडी आश्वासन तेथे उपयोगी पडत नाही.

जुन्या बांधकामाची तपासणी

भिंतीलगत खड्डा घेऊन संरचना अभियंता पायाची खोली, रुंदी व जमिनीचा प्रकार पाहतो. भारवाही भिंतींच्या घरात छताचा भार भिंतींवरच असतो. त्यामुळे वरचा मजला चढवण्यापूर्वी किंवा भिंत फोडण्यापूर्वी त्याचा सल्ला अनिवार्य ठरतो. जुना पाया बहुधा पूर्णपणे खचून स्थिरावलेला असतो, नवा मात्र बांधल्यानंतर खचतो. म्हणून दोन्ही भागांच्या जोडावर तडे जातात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तेथे हा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी दोन्ही भागांत सांधा ठेवतात.

अंदाजपत्रक

कामनिहाय परिमाणे व साहित्याचा दर्जा लेखी ठरवून मगच दरपत्रके मागवतात. अन्यथा एकाचा केवळ मजुरीचा आणि दुसऱ्याचा साहित्यासह असलेला दर यांची तुलना होऊ शकत नाही.