थांबलेला ट्रक आणि पेटीतील फळ

काश्मीर खोऱ्यातील सफरचंदाचा हंगाम ऐन भरात येत असतानाच ऑगस्ट 2025 च्या अखेरीस अतिवृष्टी झाली आणि जम्मू–श्रीनगर राष्ट्रीय महामार्ग उधमपूर परिसरात खचला. सप्टेंबरमध्ये फळांनी भरलेले हजारो ट्रक अनेक दिवस वाटेतच अडकले. वर्षभर जोपासलेले पीक बाजाराचे तोंड न पाहताच सडू लागले.

थांबलेल्या पेटीत काय घडते?

तोडणीनंतरही फळाचे श्वसन सुरूच असते आणि उष्म्याने त्याचा वेग वाढतो. किडीने पोखरलेल्या वा खरचटलेल्या फळात बुरशीचा शिरकाव प्रथम होतो. अशा फळातून अधिक प्रमाणात बाहेर पडणारा इथिलीन वायू शेजारची फळे अकाली पिकवतो. आंबलेल्या गराच्या वासाने चिलटे येऊन अंडी घालतात. सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमानास त्यांची पिढी साधारण दहा दिवसांत पूर्ण होते. दोन दिवसांच्या प्रवासात झाकला जाणारा दोष दहा दिवसांच्या मुक्कामात पेटीभर पसरतो.

पर्यायांची साखळी

शोपियानहून पूंछकडे जाणारा मुघल रोड हा पर्यायी मार्ग आहे. मात्र हिवाळ्यात तो बर्फाने बंद होतो. जून 2025 मध्ये पूर्णत्वास गेलेल्या 272 किलोमीटरच्या उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला रेल्वेमार्गामुळे सप्टेंबरमध्येच बडगामहून दिल्लीकडे सफरचंदांची पार्सल गाडी धावू शकली. महामार्गाची संपूर्ण वाहतूक पेलणे तिला शक्य नव्हते; तथापि दुसरी वाट तयार असण्याचे मोल तिने दाखवून दिले. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळाली–दानापूर मार्गावर धावलेल्या पहिल्या किसान रेल्वेनेही नाशवंत मालासाठी हीच दिशा दाखवली होती.

बांधावरची सिद्धता

रस्ता शेतकऱ्याच्या हाती नसतो. पेटी मात्र असते. त्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींवर भर द्यावा :

• कीडग्रस्त व जखमी फळे प्रतवारीतच वेगळी काढावीत.
• तोडणी सकाळच्या गारव्यात करून माल सावलीत थंड होऊ द्यावा.
• मार्गाची स्थिती जाणून घेऊनच तोडणीचा दिवस ठरवावा. लवकर पक्व होणाऱ्या वाणांबाबत हे विशेष महत्त्वाचे.
• टिकाऊ वाणांचा काही भाग नियंत्रित वातावरणाच्या शीतगृहात ठेवावा.
• शेतकरी उत्पादक कंपन्यांनी रेल्वे व शीतगृहाची जागा हंगामापूर्वीच ठरवून ठेवावी.

बागेतील कीडनियंत्रण हे केवळ उत्पादनवाढीचे साधन नाही. निरोगी फळच वाटेतील विलंब सोसू शकते.