मार्कशीटवरचे स्वामी

जवळा बाजारच्या मोंढ्यात कुणालाही विचारा, 'शिकायला कुठल्या विद्यापीठात?' उत्तर येतं, 'नांदेडच्या.' मार्कशीटवर मात्र पूर्ण नाव असतं : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. दोस्तांनो, हे स्वामी कोण, ठाऊक आहे?

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. संन्यास घेतला, भगवी वस्त्रं अंगावर आली. पण स्वामीजी रमले ते शाळेत. आधी हिप्परग्याला, मग अंबाजोगाईला त्यांनी मुलं शिकवली, घडवली. निजामी राजवटीत हे काम सोपं नव्हतं. पुढे त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं, तुरुंगवास भोगला. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला.

संन्यासी म्हटलं की जगाकडे पाठ फिरवलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. स्वामीजींनी घर सोडलं, माणसं सोडली नाहीत. त्यांचा आशीर्वाद असा होता : जवळ जे ज्ञान आहे ते मागून येणाऱ्याला द्यायचं आणि त्याला उभं करायचं.

हे आपल्यालाही जमतं की! घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी कितीतरी पोरं-पोरी आपल्या आजूबाजूला आहेत. शिष्यवृत्तीचा फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र... सांगणारं घरात कुणी नसतं. शेवटची तारीख हुकते, फीचे पैसे जमत नाहीत आणि शिक्षण सुटतं. तुम्ही त्याच वाटेनं पुढे आलात ना? मग या आठवड्यात अशा एकाजवळ बसा. फॉर्म सबमिट होईपर्यंत उठू नका.